अडीच पेन्सिल उंचीची गिरणी

दिगंबर सोनटक्के गेल्याची बातमी मला दिगंबर सोनटक्के यांच्याच नंबरवरून आली. गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी फोनवर दोन शब्द उमटले : 'बाबा गेले.' ज्या नंबरवरून आठ महिने मला एक अक्षरही आले नव्हते, त्यावरून एकाएकी हे... मी विश्वास ठेवला नाही. फोन चोरीला गेला असेल, कुणी चेष्टा केली असेल, किंवा दुसऱ्याच कुणाला पाठवायचा निरोप चुकून माझ्याकडे आला असेल, अशा तीन शक्यता मी क्रमाने तपासल्या. निरोप खरा असण्याची चौथी शक्यता सर्वांत शेवटी घेतली. भूमिती शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सिद्ध झाल्यावाचून काही मानता येत नाही. अखेर मी त्या नंबरवर फोन लावला. त्यांचा मुलगा अमोल बोलला. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळे आटोपले होते. "बाबांच्या फोनमध्ये तुमचं नाव सगळ्यात वर होतं, सर," तो म्हणाला. "पिन करून ठेवलेलं." मी विचारले, "कधीपासून?" हा प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती, हे मला फोन ठेवल्यावर समजले.

त्याला आता दीड महिना झाला. सोनटक्क्यांनी मला रस्ते, घरे, झाडे, बसथांबे कागदावर उतरवायला कसे शिकवले, हे मला लिहायचे आहे. आणि मी त्यांच्यावर संशय कसा घेतला, हेही. या दोन गोष्टी दोन वेगळ्या परिच्छेदांत ठेवता येतील असे मला सुरुवातीला वाटले होते. तसे करता येत नाही.

आमची ओळखच मुळी संशयातून झाली. निगडीच्या एका शाळेतून मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीचे सचिवपद माझ्याकडे आले होते. शेजारच्या सेक्टरमध्ये घरफोडी झाल्याने सगळेच सावध होते. अशा एका रविवारी सकाळी समोरच्या फुटपाथवर घडीचे स्टूल टाकून एक सावळा, काटक गृहस्थ बसलेला दिसला. तो हात सरळ पुढे करी, मुठीत उभी पेन्सिल धरी, एक डोळा मिटी आणि आमच्या इमारतीचे मजले जणू मोजत राही. वीस मिनिटे मी गॅलरीतून त्याच्यावर नजर ठेवली. मग खाली उतरलो.

"कोण हवंय आपल्याला?"

"कुणी नाही."

"मग एवढं काय बघताय?"

"तुमची टाकी," तो शांतपणे म्हणाला. "गच्चीवरची. वाकडी बसवलीय, सर. इतक्या लोकांत कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही?"

"मी सर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खिशाला दोन पेनं, आन् ही विचारायची तऱ्हा. कामून, चुकलं का?"

'का' म्हणायच्या जागी 'कामून' म्हणण्याची ती परभणीकडची लकब पुढे चार वर्षे मी दर रविवारी ऐकली. त्या दिवशी मात्र मी तडक गच्चीवर जाऊन टाकीला ओळंबा लावला. ती दोन बोटे कलती होती. खाली आलो तेव्हा त्यांचे चित्र पुरे होत आले होते, आणि त्या चित्रातही टाकी बरोबर दोन बोटांच्या हिशेबाने कलती होती. मी त्यांना चहाला वर बोलावले. खरे सांगायचे तर, घरात शिरल्यावर हा माणूस कुठे कुठे बघतो, हेही मला पाहायचे होते. त्यांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि ते चार मिनिटे पुढे असल्याचे सांगितले.

चाकणच्या एका सुटे भाग करणाऱ्या कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षे तपासणी खात्यात काढली होती. मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि त्यावर तीनपैकी एक शिक्का मारायचा. माप जुळले तर 'पास'. मुळातच बिघडला असेल तर 'रिजेक्ट', म्हणजे थेट भंगारात. आणि दोष दुरुस्त होण्याजोगा असेल तर 'रीवर्क', म्हणजे परत मशीनवर. "लोकांना वाटतं रिजेक्ट करणं अवघड," ते म्हणत. "अवघड असतं रीवर्क लिहिणं. नग सुधारंल असं आपल्याला वाटावं लागतं." निवृत्तीनंतर डोळ्यांना तपासायला काही उरले नाही, म्हणून त्यांनी चित्रवही घेतली होती. शिकवणी नाही, पुस्तक नाही. रोज एक चित्र, एवढाच नियम. आणि प्रत्येक चित्राच्या पाठीमागे जुन्या सवयीने 'पास' किंवा 'रीवर्क' आणि खाली 'द. सो.' अशी आद्याक्षरे. बहुतेक पानांवर 'रीवर्क'च असे. 'पास' एका वहीत दोनतीनदा दिसे.

मी त्यांच्याकडून शिकू लागलो. ज्यांना हा नाद लावून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी ती पद्धत थोडक्यात नोंदवून ठेवतो. पहिला महिनाभर त्यांनी मला खोडरबर आणू दिला नाही. चुकलेली रेघ कागदावर राहू द्यायची आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ काढायची, म्हणजे आपण कुठे फसलो ते दिसत राहते. मग आखणी. काहीही रेखाटण्यापूर्वी समोरच्या दृश्यातली एक उभी वस्तू निवडायची, हात कोपरात न वाकवता पेन्सिल डोळ्यासमोर धरायची आणि ती वस्तू किती पेन्सिली भरते ते पाहायचे. बाकी सारे त्या एका मापाशी ताडून घ्यायचे. सर्वांत महत्त्वाचा धडा तिसरा होता. आपल्याला जे ठाऊक आहे ते काढायचे नाही. बस लांब असते हे आपल्याला ठाऊक असते. पण निगडीच्या बस टर्मिनसवर समोरून येणारी बस उंच, अरुंद चौकोन असते. मी पहिल्या दिवशी लांबलचक बस काढली होती. सोनटक्क्यांनी बराच वेळ ते पान न्याहाळले. "सर, ही बस तुम्ही पाहिलेली नाही, ऐकलेली आहे," ते म्हणाले. "डोक्यावर संशय घ्या. ते लै खोटं बोलतं." मी आयुष्यभर मुलांना हेच सांगत आलो होतो की आकृती पाहून काही गृहीत धरू नका. तेच मला एकोणसाठाव्या वर्षी नव्याने शिकावे लागले.

रविवारी साडेसहा ते नऊ ही आमची वेळ ठरली. चिंचवडच्या रेल्वे पुलावरून दिसणारे रूळ, पवनेचा घाट, भोसरीकडच्या कारखान्यांची करवती छपरे, चाकणच्या रस्त्यावर एकामागे एक थांबलेले ट्रेलर... बाहेर बसून चित्रे काढणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे त्या काळात मी पुरते अनुभवले. फोटो काढणाऱ्याला कुणी हटकत नाही. तो क्षणभर थांबतो आणि जातो. पण दीड तास एकाच इमारतीकडे टक लावून बसलेल्या माणसाचा हेतू सरळ असूच शकत नाही, असे सर्वांना वाटते. एकदा तर खुद्द सोनटक्क्यांच्या जुन्या कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्यांची वही ओढून घेतली. "काका, आतलं काही काढलं नाही ना?" तो पाने उलटत विचारू लागला. सोनटक्के म्हणाले, "बाळा, आतलं मी सव्वीस वर्षं पाहिलंय. बाहेरून कसं दिसतं तेवढं राहिलं होतं." पहारेकऱ्याला ते पटले नाही. त्याने ते पान फाडून ठेवून घेतले. परतताना बसमध्ये मी संतापलो होतो. ते हसत होते. "तपासायचं त्याचं कामच आहे, सर. मी पण हेच केलं असतं."

चिखलीला आम्ही जाऊ लागलो ते तिसऱ्या वर्षी. लेथ मशीनची छोटी वर्कशॉपे, भाड्याच्या खोल्या, जुन्या शेतकरी कुटुंबांची घरे आणि त्यांच्या डोक्यावर नव्या इमारतींच्या क्रेन असे एका चौकटीत मावणारे दृश्य सोनटक्क्यांना फार आवडे. आम्ही ज्या गल्लीत बसायचो तिच्या तोंडाशी सुमनताईंची पिठाची गिरणी होती. पन्नाशीच्या सुमनताई विधवा होत्या. गिरणी त्या स्वतः चालवत, आणि त्यांच्या भुवया सदा पांढऱ्या असत. ती गल्ली रुंद होणार असल्याची कुणकुण बरेच दिवस होती. कुणाचे किती घर रस्त्यात जाणार, हे कुणालाच माहीत नव्हते. अशा गल्लीत पहिल्याच दिवशी सोनटक्क्यांनी पेन्सिल पुढे धरून एक डोळा मिटला आणि मला मोठ्याने म्हणाले, "सर, आधी आखणी करून घ्या." आमच्या वहीतली आखणी वेगळी आणि गल्लीच्या कानात बसलेली रस्त्याची आखणी वेगळी. पाच मिनिटांत सातआठ माणसे गोळा झाली.

"अवो सायेब, आमचं किती जातंय?" एका बाईंनी विचारले.

"काय जातंय?" सोनटक्के गोंधळले.

"घर वो! रस्त्यात किती जातंय?"

मी पुढे होऊन आम्ही केवळ चित्रे काढत असल्याचा खुलासा केला. "सगळे आसंच म्हंत्यात," मागून कुणीतरी म्हणाले. गिरणीच्या पायरीवरून सुमनताई म्हणाल्या, "तुमी पेन्सिल धरून डोळा झाकला का न्हाई, की समदी गल्ली दारात येती." सोनटक्क्यांनी वातावरण हलके करावे म्हणून हसत उत्तर दिले, "काकू, घाबरू नका. तुमची गिरणी अडीच पेन्सिल आहे." म्हणजे उंचीला. पण ते उंचीला असे म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा गल्लीत पेन्सिल हे नवे माप रूढ झाले होते. "गिरणी अडीच पेन्सिल जातीया म्हणं," असे एकाने दुसऱ्याला सांगताना मी स्वतः ऐकले. एका वर्कशॉपवाल्याने मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारले, "राव, एक पेन्सिल म्हंजी किती फूट धरायची?" दुसऱ्याला शेजाऱ्याच्या तीन पेन्सिली जाणार आणि आपली दीडच, याचे समाधान वाटत होते, आणि ते त्याला लपवता येत नव्हते. मी पायरीवर उभा राहून सर्वांना नीट समजावून सांगितले. सोनटक्के पोट धरून हसले. सुमनताईही हसल्या आणि आत जाऊन चहा घेऊन आल्या. त्या दिवसापासून गल्ली निवळली असे मला वाटले. ती निवळली नव्हती, गप्प बसली होती.

महापालिकेची मोजणीची माणसे आली तर कुणीही दार उघडायचे नाही, असे गल्लीने ठरवले होते. सुमनताईंचे दीर बबनभाऊ या ठरावाचे पुढारी; गिरणीच्या पायरीवर चहा घेता घेता त्यांच्याशी माझी ओळख झाली होती. असे असूनही एका मंगळवारी गिरणीच्या आतल्या भिंतीवर, शटरपासून दोन हात आत, लाल रंगाची ठळक रेघ उमटली. बाकी एकाही घरावर नाही. आतले माप बाहेर गेले कसे? बुधवारी संध्याकाळी बबनभाऊ तीन माणसांसह माझ्या घरी आले.

"सर, तुमी शिकल्याली मान्सं. आमाला एकच सांगा. चितरावरनं माप निगतं का?"

हा प्रश्न कुणीतरी मला विचारावा असे हजारदा वाटले होते, पण वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. मी आनंदाने कागद ओढला. "निघतं. एक लांबी ठाऊक असली की झालं. समजा, शटर सात फुटी आहे..." असे म्हणून मी दोन समरूप त्रिकोण काढले, बाजूंची गुणोत्तरे मांडली, आणि गिरणीची उंची तिथल्या तिथे काढून दाखवली. उत्तर बरोबर आले. बबनभाऊंनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"झालं तर मग," ते उठत म्हणाले.

"काय झालं?"

"काय न्हाई. तुमच्या दोस्ताचं बिंग फुटलं."

प्रश्न सोडवण्यापूर्वी तो का विचारला आहे ते वाचा, असे मी मुलांना बजावत असे. मी स्वतः ते वाचले नाही. चार वर्षे ज्या माणसाशेजारी बसलो त्याच्याविरुद्धची सिद्धता मी माझ्या हाताने, माझ्या कागदावर लिहून दिली होती. आणि याहून वाईट गोष्ट अशी की, ती लिहून झाल्यावर मला स्वतःलाच ती पटू लागली. सोनटक्क्यांनी ती गिरणी सहा वेळा का काढली होती? आदल्या आठवड्यात माझ्याशिवाय, एकटे, ते चिखलीला का गेले होते? तपासणी खात्यातल्या माणसाला मापाची किंमत ठाऊक असणारच... एकदा संशयाची नजर लागली की साऱ्या रेघा एकाच बिंदूकडे धावताना दिसतात. चित्रकलेत त्या बिंदूला लोपबिंदू म्हणतात. तो प्रत्यक्षात कुठे नसतो, पाहणारा जिथे उभा असेल तिथून तो ठरतो.

त्या रविवारी मी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी गेलो. ते चहा करायला आत गेले, तेव्हा मी टेबलावरची चिखलीची वही उघडली आणि पाने मोजली. वही चाळीस पानांची होती. एकोणचाळीस भरली. पुन्हा मोजली. सार्वजनिक नळ आणि कडुनिंब या दोन चित्रांच्या मध्ये, पट्टी लावून सरळ कापलेली, बोटभर रुंदीची कड शिल्लक होती. मी तिच्यावर बोट ठेवले आणि वर पाहिले, तर सोनटक्के दोन कप घेऊन दारात उभे होते.

"कामून मोजलीत, सर?"

"गिरणीचं पान कुठंय?"

"दिलं."

"कुणाला?"

त्यांनी कप खाली ठेवले. बशीत थोडा चहा सांडला होता, तो त्यांनी पुसला. "ते मी नाही सांगू शकत."

"सांगू शकत नाही, की सांगायचं नाही?"

"चार वर्षं एका फुटपाथवर बसलो, सर," ते म्हणाले. "तुम्हाला विचारावंसं नाही वाटलं... मोजावंसं वाटलं."

मी चहा न घेता निघालो. त्यांनी अडवले नाही. त्यानंतर चिखलीत त्यांना कुणी बसू दिले नाही. त्यांचे स्टूल गल्लीतल्या नाल्यात फेकले गेल्याचे माझ्या कानावर आले. मी फोन केला नाही. 'खरे असेल तर ते स्वतः सांगतील' हे वाक्य मी आठ महिने मनाशी म्हणत राहिलो, आणि प्रत्येक वेळी ते मला न्यायाचे वाटले. शिस्त म्हणून रविवारची बैठक मात्र मोडली नाही. निगडीच्या टर्मिनसवर मी एकटा बसे आणि समोरून येणाऱ्या बसेस काढी. त्या आता मला बऱ्या जमत होत्या. माझे पान उलटून मागे काही लिहिणारे कुणी नव्हते.

तेराव्याला अमोलने माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "वह्या आहेत. बाबांनी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, तुमच्या नावाने." मी ती कपाटावर ठेवून दिली. आत काय सापडेल याची भीती होती. त्यांचा अपराध सापडला तर वाईट वाटले असते. न सापडला तर त्याहून. कोणती भीती मोठी होती, ते मला अजून नेमके सांगता येत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी चिखलीला गेलो. गिरणीची पुढची बाजू पाडली होती. लाल रेघेपर्यंत बरोबर, ना इंच पुढे ना इंच मागे. उरलेल्या जागेत नवे शटर बसत होते. सुमनताईंनी मला ओळखले आणि हातातले काम टाकून बाहेर आल्या.

"सायेब गेलं म्हनं," त्या म्हणाल्या. "मला चार दिसांनी कळलं." मग आजूबाजूला पाहून त्यांनी मला आत बोलावले. पिठाच्या मोठ्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. गिरणी होती. अडीच पेन्सिल उंच. पायरीवर सुमनताई, मागे पट्टा, दारात चार डबे रांगेत. एक कड पट्टीने सरळ कापलेली.

"शटर मीच उगडलं हुतं," त्या म्हणाल्या. "मोजनीवाल्यांस्नी मीच आत घेतलं, दुपारचं, समदी कामावर गेल्यावर. खांदं गेलं वो माझं गिरण चालवून. म्हनलं, आर्धी जाऊ दे, ऱ्हायली ती रस्त्यावर यील, भाड्यानं तरी जाईल. पर भावजींनी समद्या गल्लीला शपथ घातल्याली. त्यांस्नी कसं सांगू? म्हनून मोडायच्या आदी सायबांस्नी म्हनलं, येकदा माजी गिरण काडून द्या, ठिवते जपून. आन् कुनाला सांगू नगा."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हनले, काकू, माज्याकडनं जायाचं न्हाई." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "मी म्हनलं, त्या मास्तरांस्नी बी न्हाई. तुमी भावजींच्या वळखीचं ना... तवा त्ये पेन्सिल फिरवीत बसलं. मग म्हनले, बरं."

मी पान उलटले. मागे लिहिले होते : 'पास. द. सो.'

"गल्लीला आता तरी सांगितलंत का?" मी विचारले. माझा आवाज वर्गातला झाला होता. सुमनताईंनी मान खाली घातली. "सांगितलं. परवा. भावजी माज्याशी बोलत न्हाईत. नगात बोलू." मला त्यांच्यावर रागवायचे होते. पण शटर उघडून त्या गप्प राहिल्या होत्या, आणि मी तर प्रश्न कशासाठी आहे हे न विचारता उत्तर मांडून दिले होते. दोघांच्या चुका एका कागदावर मांडल्या असत्या तर लांब बाजू कुणाची होती, ते मला मोजल्यावाचून दिसत होते. त्यांनी ते पान मला देऊ केले. मी घेतले नाही. ते ज्यांना दिले होते त्यांच्याकडेच राहायला हवे.

घरी येऊन मी पिशवी उघडली. अकरा वह्या होत्या, प्रत्येकीवर क्रमांक. शेवटची अर्धीच भरलेली. तिच्यातली बहुतेक चित्रे खिडकीतून दिसणारी होती. घराबाहेर जाणे त्यांनी कमी केले असावे. पण शेवटून तिसरे पान निगडीच्या टर्मिनसचे होते, रस्त्यापलीकडून काढलेले. बसेसची रांग, शेड, आणि शेडखाली स्टुलावर पाठमोरा बसलेला एक माणूस. हात सरळ पुढे, मुठीत पेन्सिल. शर्टाची इस्त्री आणि मानेची ढब मी ओळखली. म्हणजे एका तरी रविवारी ते तिथे, रस्त्यापलीकडे, दीड तास बसले होते. इतके बारकाईने काढायला तेवढा वेळ लागतो. मी मागे वळून पाहिले असते तर...

मी सवयीने चित्र तपासले. इमारती बरोबर, बसेस बरोबर, क्षितिजरेषा अचूक. फक्त माझा पुढे केलेला हात चित्रातल्या अर्ध्या पेन्सिलीएवढा लांब पडला होता. अशी चूक सोनटक्क्यांनी चार वर्षांत एकदाही केली नव्हती. मी पान उलटले. मागे एकच शब्द होता, 'रीवर्क', आणि खाली आद्याक्षरे. तो शब्द हाताच्या लांबीसाठी आहे की कशासाठी, हे मला ठरवता आलेले नाही. रात्र पडेपर्यंत मी ते पान उलटसुलट करत होतो.

पिशवीच्या तळाशी त्यांची पेन्सिल होती, झिजून तर्जनीएवढी उरलेली. आता रविवारी मी तीच वापरतो. मापे सगळी बदलली आहेत. गिरणी तिच्या हिशेबाने चार पेन्सिली भरली असती. गेल्या रविवारी मी चिखलीत त्याच गल्लीत, सोनटक्के बसत त्या जागी स्टूल टाकले. हात पुढे केला, एक डोळा मिटला. थोड्याच वेळात माझ्या मागे कुणीतरी येऊन उभे राहिले. गल्लीच्या पुढच्या भागात अजून मोजणी व्हायची आहे. तिथे राहणारे, मला न ओळखणारे एक वयस्क गृहस्थ होते. बराच वेळ ते वहीत आणि समोरच्या घरांकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग त्यांनी सावधपणे विचारले,

"सायेब, चितरावरनं माप निगतं का वो?"

मी पेन्सिल खाली घेतली. समोर एक शटर होते, सात फुटी. शेजारी भिंत, तिच्यावर पत्रा. दोन्ही त्रिकोण मला स्वच्छ दिसत होते.

"नाही," मी म्हणालो. "नाही निघत."